कमलाबाईंचा दाखला

विज्ञानसंस्थांत स्त्रियांसाठी वेगळ्या योजना कशाला, असा वाद निघाला की मराठी माणूस हमखास एक नाव पुढे करतो : कमला सोहोनी. ‘त्यांना कुठे होत्या सवलती? अंगी गुण असले की माणूस वर येतोच.’ दाखला घरचा असल्यामुळे टाळीही पडते. तो कोणत्या बाजूचा साक्षीदार आहे, हे मात्र कोणी तपासत नाही.

1933 साली कमला सोहोनी (तेव्हाच्या कमला भागवत) मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने पास झाल्या आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी अर्ज केला. वडील आणि काका दोघेही त्याच संस्थेत शिकलेले. म्हणजे गुण होते, घराणे होते, विषयाची तयारी होती. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी अर्ज फेटाळला, तो अर्जदार मुलगी आहे म्हणून. कमलाबाई बंगळुरूला जाऊन थडकल्या, तिथे ठाण मांडले, तेव्हा कुठे प्रवेश मिळाला. तोही अटींवर : पहिले वर्ष उमेदवारीचे, कामाला मान्यता संचालकांची खात्री पटल्यावरच आणि पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होता कामा नये. या अटी वर्गातल्या मुलांना नव्हत्या. इथे गुणवत्तेने काय केले? काहीच नाही. दार उघडले ते हट्टाने. हट्ट करण्याची ऐपत, पाठीशी घर आणि परत जायला तिकिटाचे पैसे किती मुलींकडे होते, हा प्रश्न टाळ्या वाजवणाऱ्यांना पडत नाही.

यावर दुसरा बचाव तयार असतो : काळच तसा होता. होता का? त्याच दशकात केंब्रिजमध्ये फ्रेडरिक हॉपकिन्स यांची जीवरसायनाची प्रयोगशाळा चालू होती आणि तिथे मार्जरी स्टीफन्सन, डोरोथी नीडहॅम अशा स्त्रिया संशोधन करत होत्या. हॉपकिन्सना नोबेल मिळाले 1929 मध्ये, रामन यांना 1930 मध्ये. दोघे एकाच काळातले. कमलाबाई केंब्रिजला गेल्या, वनस्पतींच्या पेशींतील श्वसनात ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन भाग घेते हे त्यांनी दाखवले आणि 1939 साली जेमतेम चाळीस पानांच्या प्रबंधावर पीएच.डी. मिळवली. (केंब्रिजचेही गोडवे गायला नकोत. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीची पदवी द्यायला त्या विद्यापीठाने 1948 उजाडू दिले.) एका प्रमुखाने दार लावले, दुसऱ्याने उघडे ठेवले. मुलीचे शिक्षण प्रमुखाच्या स्वभावावर अवलंबून राहू नये, यासाठीच तर नियम लागतात.

आणि ज्यांचे नाव कोणी घेत नाही त्यांचे काय? रामन यांच्याच प्रयोगशाळेत पुढे सुनंदाबाईंनी काम केले, शोधनिबंध लिहिले, प्रबंध सादर केला. पीएच.डी. मिळाली नाही, त्यांनी आत्महत्या केली. त्याच प्रयोगशाळेतल्या अण्णा मणींनाही पीएच.डी. नाकारली गेली, एम.एस्सी. नाही हे कारण देऊन. पुढे त्यांनी हवामानशास्त्रात मोठे काम केले, हा त्यांचा पराक्रम. त्यामुळे निर्णय बरोबर ठरत नाही. गाळून उरलेल्या एकीकडे बोट दाखवून चाळणी उत्तम आहे असे म्हणायचे, हा कसला तर्क?

आता आमच्याच बाजूच्या एका लाडक्या युक्तिवादाबद्दलही बोलू. स्त्रिया आल्या की विज्ञानात ममता येते, म्हणून त्या हव्यात, असे भाषणांत ऐकू येते. हे मला मान्य नाही. नीरा, कडधान्यांतील प्रथिने, पचनात अडथळा आणणारे घटक यांवर कमलाबाईंनी मुंबईत काम केले, ते जीवरसायनाच्या शिस्तीने. सायटोक्रोमवर काम करणारीच ती बाई होती. त्यांच्यावर माउलीपण लादणे हाही एक प्रकारचा उंबरठाच. विविधतेचा खरा आधार याहून साधा आहे : निम्म्या समाजातून माणसे न निवडणारी संस्था स्वतःच्याच गुणवत्तेला कात्री लावते. गुणवत्तेचा सर्वाधिक कैवार घेणाऱ्यांनी तर हे सर्वांत आधी मागायला हवे.

‘मुली स्वतःहूनच सोडून जातात’ हे शेवटचे पालुपद. आपल्याकडे जीवशास्त्राचे वर्ग मुलींनी भरलेले असतात आणि देशातल्या प्रत्यक्ष संशोधन करणाऱ्यांत स्त्रिया साधारण सहात एक. पोस्टडॉक, लग्न, बाळंतपण आणि शिष्यवृत्तीची वयोमर्यादा ही सगळी एकाच चार-पाच वर्षांत येऊन आदळतात, त्याला ‘स्वतःहून’ म्हणायचे असेल तर म्हणा. कामात खंड पडलेल्या स्त्री-शास्त्रज्ञांना परत येता यावे म्हणून केंद्र सरकारने योजना सुरू केल्या, त्यांना दयादान म्हणणाऱ्यांनी कमलाबाईंची पुढची कारकीर्दही पाहावी. केंब्रिजची पदवी घेऊन आलेल्या या बाईंना मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपद अंतर्गत राजकारणापायी काही वर्षे उशिराच मिळाले.

तेव्हा दाखला द्यायचाच असेल तर पुरा द्या. आणि आजच्या निवड समित्यांना एवढेच विचारा : कोणत्या निकषावर कोणाला नाकारले, हे लेखी नोंदवता का? नाकारलेल्यांची यादी दाखवता का? वयोमर्यादा मोजताना बाळंतपणाची वर्षे वजा करता का?