राखून ठेवलेला डाव

वस्ताद पठ्ठ्याला सारे डाव शिकवतो, पण एक स्वतःजवळ राखून ठेवतो, असे आपल्याकडे मोठ्या कौतुकाने सांगतात. पण वस्तादामागे त्या डावाचे काय होते? तो त्याच्याबरोबरच जातो!

हिंगोलीसारख्या गावीही आता मुले कमरेला रंगीत पट्टा बांधून तायक्वांदोच्या लाथा घोटवीत असतात. लोक त्याला ‘कोरियन कराटे’ही म्हणत. या विद्येचीही तिकडे घराणी होती. त्यांना ‘क्वान’ म्हणत. त्यांतले काही गुरू तर जपानात कराटे शिकून आलेले. १९५५ साली ‘तायक्वांदो’ हे सामाईक नाव पुढे आले, हळूहळू घराण्यांच्या भिंती उतरल्या, आणि २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये या खेळाला पदकाचा मान मिळाला.

आपल्याकडे असे कोणी केलेच नाही काय? हिंगोलीहून वाशीमच्या वाटेने अमरावतीस जावे. तेथे १९१४ साली अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी व्यायामाचे काम सुरू केले. पाटीवर मात्र घराण्याचे नाव नाही. आहे ते ‘हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ’. यातला ‘प्रसारक’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. १९३६ साली मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिके करून दाखविली. आज तेथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालयही आहे. दोन भावांची तालीम शंभरी ओलांडून गेली, ती विद्या घराबाहेर दिली म्हणूनच.

तेव्हा वाचकहो, आजीच्या अनारशांचे प्रमाण या दिवाळीत विचारून घ्या. तिनेही एखादा डाव राखून ठेवला असेल!