घराखालचे दुकान आणि नियोजनाची कसोटी

३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात तळमजल्यावरील शिवणकामाच्या दुकानाला आग लागली आणि वरच्या मजल्यावर झोपलेल्या एकाच कुटुंबातील सात जणांना मृत्यूने गाठले. त्याआधी ३० ऑगस्ट २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील पूर्णानगर येथे हार्डवेअरच्या दुकानाला आग लागून तेथेच राहणारे चौघांचे कुटुंब संपले. प्रत्येक दुर्घटनेनंतर चौकशीच्या घोषणा होतात, चार दिवस तपासणीची मोहीम चालते आणि मग सारे शांत होते. मूळ प्रश्न मात्र तसाच राहतो. ज्या इमारतीत माणसे राहतात, तिथे कोणता व्यवसाय चालू द्यावा आणि कोणता नाही, हे कोणी व कोणत्या निकषावर ठरवायचे?

घर आणि दुकान एकत्र असणे हाच दोष आहे, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. आपली गावे आणि पेठा याच संयोगातून उभ्या राहिल्या. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत घरालगतच तांब्याची भांडी घडली, बुरूड आळीत टोपल्या-सुपे विणली गेली. सोनार, शिंपी, कासार यांचे घर आणि पेढी वेगळी नव्हती. निवासी भाग एकीकडे, व्यापारी भाग दुसरीकडे ही काटेकोर विभागणी कारखान्यांच्या धुराने गुदमरलेल्या पाश्चात्त्य नगरांची गरज होती. ती जशीच्या तशी आपल्यावर लादली, तर म्हातारपणी औषधासाठी दोन मैल चालावे लागेल आणि घर सांभाळून शिवणाचे यंत्र चालविणाऱ्या भगिनीची मिळकत बुडेल. मिश्र वस्ती हे आपल्या समाजजीवनाचे बलस्थान आहे. ते मोडून चालणार नाही.

परंतु परंपरेचा दाखला देताना एक भेद विसरता कामा नये. तांबटाच्या हातोड्याचा आवाज शेजाऱ्याला ऐकू येत असे, आणि शेजाऱ्याची तक्रार तांबटालाही ऐकू येत असे. मालक, कारागीर आणि रहिवासी एकाच आळीचे होते. आज गाळा एकाचा, भाडेकरू दुसरा, माल तिसऱ्याचा अशी स्थिती आहे. 'दुकान' या एकाच नावाखाली रसायनांचे पिंप, बॅटऱ्यांचे चार्जिंग, गॅस सिलिंडरवर चालणारे उपाहारगृह आणि छतापर्यंत रचलेले गोदाम असे सारे सामावते. पाटी जुनीच राहिली, पण पाटीमागचा व्यवसाय पार बदलला आहे.

राज्यात नियम नाहीत असे नाही. मुंबई वगळता बहुतेक नगरांसाठी डिसेंबर २०२० मध्ये एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. निवासी विभागात कोणते वापर अनुज्ञेय आहेत, हे तीत रस्त्याच्या रुंदीनुसार सांगितले आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ नुसार जागेचा वापर बदलण्यासही परवानगी लागते. उणीव आहे ती परवानगीनंतरच्या देखरेखीची. नकाशात 'दुकान' म्हणून मंजूर झालेल्या गाळ्यात पाच वर्षांनी काय चालते, हे पाहण्यासाठी नियमाने कोण येतो?

या दुर्लक्षाचा शेवट कसा होतो, हे राजधानीने दाखवून दिले आहे. दिल्लीत निवासी जागांतील अनधिकृत व्यापाराकडे वर्षानुवर्षे कानाडोळा झाला. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २००६ च्या आदेशाने दुकानांना टाळे ठोकणे सुरू झाले. व्यापारी रस्त्यावर उतरले, सीलमपूरमध्ये आंदोलन चिघळून प्राणहानी झाली. मग फेब्रुवारी २००७ मध्ये आलेल्या 'मास्टर प्लॅन २०२१' ने मिश्र वापराला अधिकृत चौकट दिली. गोदामे, भंगार, वाहनदुरुस्ती, मद्यविक्री अशा व्यवसायांना मिश्र वापरातून वगळले. यादी उत्तम होती. तरीही ८ डिसेंबर २०१९ रोजी अनाज मंडीतील दाटीवाटीच्या इमारतीत चाललेल्या कारखान्यांना आग लागली आणि तिथेच झोपलेले ४३ जण मृत्युमुखी पडले. केवळ यादीने माणूस वाचत नाही, हा त्याचा अर्थ.

म्हणून व्यवसायाच्या नावापेक्षा त्याच्या परिणामाकडे पाहावे. तिथे ज्वालाग्राही माल किती साठतो? विजेचा भार किती? रात्री किती वाजेपर्यंत गजबज राहते? माल उतरविणारा टेम्पो गल्ली अडवितो का, आणि अडविल्यास अग्निशमनाचा बंब आत येईल का? वर राहणाऱ्यांना दुकानातून न जाता बाहेर पडण्याची दुसरी वाट आहे का? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे देणारा किराणा, शिंपी, दवाखाना, शिकवणीचा वर्ग, पिठाची गिरणी यांना सन्मानाने आणि विनाविलंब परवाना द्यावा. ज्यांच्याकडे उत्तर नाही, त्यांना घराखाली जागा नसावी, मग त्यांची पोहोच कितीही वर असो.

दुसरी गोष्ट रहिवाशांच्या अधिकाराची. मद्याच्या दुकानाबाबत महाराष्ट्राने हा अधिकार मान्य केला आहे. आडव्या बाटलीला मत देऊन माताभगिनींनी अनेक ठिकाणी दुकाने बंद पाडली. २०२५ मध्ये राज्य शासनाने गृहनिर्माण संस्थांच्या गाळ्यांतील नव्या मद्यविक्रीसाठी संस्थेच्या ना हरकत प्रमाणपत्राची अट जाहीर केली. धोकादायक साठ्याबाबतही रहिवाशांचे म्हणणे ऐकणे अनिवार्य का नसावे? मात्र या अधिकाराचे रूपांतर एखाद्याचा पोटावरचा घास हिरावण्याच्या हत्यारात होऊ नये. आक्षेप परिणामाला असावा, माणसाला नसावा.

छोटा व्यापारी येथे कोंडीत सापडतो, हे आम्ही जाणतो. गोदाम हलवायचे तर परवडणारी पर्यायी जागा आधी हवी. ती न देता टाळे ठोकणे हा अन्याय आहे आणि हप्ता घेऊन डोळे मिटणे हा त्याहून मोठा अन्याय. दंड भरून सर्व काही नियमित करण्याची पळवाट तर बंदच व्हायला हवी. दंडाने तिजोरी भरते, जिन्यातला धूर कमी होत नाही. महापालिकांनी प्रत्येक प्रभागातील अशा इमारतींची यादी तयार करून ती नागरिकांसमोर ठेवावी आणि दरवर्षी तपासावी. उपजीविका आणि जीवित यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ समाजावर येऊ न देणे, यालाच नगरनियोजन म्हणतात.