पाण्यातील मोटार

सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळुरूत अतिवृष्टी झाली. बेल्लंदूरचा परिसर जलमय होऊन अनेक महागड्या मोटारी पाण्याखाली गेल्या. रहिवाशांना नावांतून आणि ट्रॅक्टरवरून बाहेर काढावे लागले. तलावांवर व त्यांना जोडणाऱ्या नाल्यांवर झालेले अतिक्रमण हे या आपत्तीचे एक प्रमुख कारण होते. ते दूर करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. तथापि दारात उभी असलेली मोटार बुडाली तर मालकाचा इलाज नसतो. चालती मोटार पाण्यात घालण्याचा निर्णय मात्र चालकाचाच असतो.

इंजिनात हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. हवेच्या मार्गाने पाणी आत शिरले, की पिस्टन अडतो आणि त्याला जोडलेला दांडा वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेली मोटार पुन्हा सुरू करू नये. ती ओढून नेऊन गॅरेजमध्ये तपासून घ्यावी. पुष्कळदा किल्ली फिरवण्याच्या उतावळेपणानेच मोठे नुकसान होते.

मे २०२३ मध्ये याच शहरात के. आर. सर्कलच्या भुयारी मार्गात साचलेल्या पाण्यात मोटार अडकून एका तरुणीचा मृत्यू झाला. इंजिन पैसे देऊन बदलता येते, गेलेला जीव परत येत नाही. पाण्याची खोली ठाऊक नसेल, तर चालकाने मार्ग बदलावा किंवा पाणी ओसरेपर्यंत थांबावे. मोटार चालवण्याइतकेच ती वेळीच थांबवणेही शिकले पाहिजे.