जोत्याखालचे पेव

मावळातील मौजे औंढे येथील एखाद्या जुन्या वाड्याचे जोते बंगल्यासाठी सपाट करण्यापूर्वी, त्याच्या उदरात दडलेले धान्याचे पेव, गोठ्याची फरसबंदी आणि बुजलेली विहीर यांचा ठाव भूभौतिक सर्वेक्षणाने घ्यावा, ही अट बांधकाम परवान्यातच घातली पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे. हातभर अंतराने सळया रोवून जमिनीत क्षीण विद्युत्प्रवाह सोडला, की दगडी पायाशी रोध वाढतो आणि ओल्या मातीने भरलेल्या खड्ड्यापाशी घटतो. चुंबकमापकावर मात्र इथे सर्वस्वी भिस्त ठेवू नये, कारण मावळचा काळा पाषाण स्वतःच चुंबकीय आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगावी १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षे खपून डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची घरे व पेवे उजेडात आणली; जेसीबीला वाड्याचे जोते उखडायला एक दुपार पुरते.