शाळा भरण्याआधी

‘तू आपला अभ्यास कर.’ शाळेत काही अन्याय झाल्याचे मुलीने घरी येऊन सांगितले, की बहुतेक घरांत पहिले वाक्य हेच निघते. माझ्याही तोंडून निघाले आहे. म्हणून सेंट्रल यॉर्कची हकीकत वाचताना मला त्या मुलांच्या आयांची आठवण जास्त झाली.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात यॉर्क शहराला लागून हा उपनगरी भाग आहे. शाळेत गोरी मुले जास्त. काळी, लॅटिनो, आशियाई मुले त्यांच्या मानाने थोडी. मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. त्यानंतर मुलांशी वंशभेदावर बोलायचे कसे, यासाठी तिथल्या एका समितीने शिक्षकांसाठी पुस्तकांची आणि माहितीपटांची मोठी यादी केली. नोव्हेंबरमध्ये शाळा मंडळाने ठरवले, की यातले काहीही वर्गात वापरायचे नाही. मंडळातले सगळे सदस्य गोरे होते.

यादीत होते तरी काय? रोझा पार्क्स यांच्यावरचे लहान मुलांचे चित्रमय पुस्तक. आपल्या मलालाचे पुस्तक! शिकण्यासाठी जिने गोळी झेलली, तिचेच पुस्तक वर्गाबाहेर. मंडळ म्हणे, ही बंदी नाही, तपासणीसाठी थांबवले आहे. दहा महिने झाले तरी तपासणी संपेना.

सप्टेंबर २०२१ मध्ये मुले उभी राहिली. वंशभेदाविरुद्ध काम करणारा त्यांचा शाळेतच एक गट होता. रोज सकाळी, शाळा भरण्याआधी, काळे टी-शर्ट घालून, हातात फलक घेऊन ती दारात थांबत. काहींनी त्याच पुस्तकांतले उतारे वाचून मोबाइलवरून लोकांपर्यंत पोहोचवले. दगड नाही, शिवी नाही. मला त्यातली वेळेची निवड फार आवडली. ‘अभ्यास बुडतो’ म्हणायला कुणाला जागाच उरली नाही.

भीती मात्र खोटी नव्हती. पुढे कॉलेजला जायचे तर अनेकदा शाळेचेच शिफारसपत्र लागते, आणि मुले थोडी असली की चेहरे लगेच लक्षात राहतात. घरी त्यांना कुणी अडवले असेल, तर त्या आईला मी दोष देणार नाही.

२० सप्टेंबरला मंडळाने एकमताने निर्णय मागे घेतला. २०२३ मध्ये त्याच शाळेत आणखी दोन पुस्तके काढण्यात आली. तेव्हाही दारात मुले होती. त्यांतली कितीतरी नवी.