सुपरवायझरचा बॅज आणि तासाचा हिशोब

गेल्या दिवाळीनंतर माझ्या बारावीच्या मैत्रिणीने स्टेटसला एका बॅजचा फोटो ठेवला. नावाखाली लिहिलेलं, 'फ्लोअर सुपरवायझर'. पुण्यातल्या एका सुपरमार्केटमध्ये दोन वर्षं रॅकवर माल लावणारी, बिलिंगला बसणारी आमची मैत्रीण आता सुपरवायझर! आम्ही लगेच पार्टी मागितली. मिसळीवर निभावलं. दुसरा पाव मागवताना ती सहज बोलून गेली, "पगार वाढलाय गं, पण हातात कमी येतोय." आम्हाला वाटलं, मस्करी करतेय. मग तिने मोबाइलवर दोन सॅलरी स्लिपा उघडून दाखवल्या.

तुम्ही किंवा तुमचं कुणी मॉलमध्ये, मार्टमध्ये, मेडिकलच्या चेनमध्ये कामाला असेल, तर पुढचे आकडे जरा कागदावर मांडून बघा. आधी तिचा पगार होता १५,६०० रुपये. महिन्याचे २६ दिवस, रोज आठ तास, म्हणजे तासाला ७५ रुपये. जादा कामाला दुप्पट, म्हणजे १५०. दिवाळीच्या महिन्यात तिने ४० तास ओव्हरटाइम केला, त्याचे ६,००० आले. एकूण २१,६००. (हा ओव्हरटाइम स्लिपवर दिसायचा, हेही कौतुकाचंच म्हणायचं. अनेकांना 'पुढच्या आठवड्यात ॲडजस्ट करू' एवढंच ऐकायला मिळतं.) बढतीनंतर पगार झाला १९,५००. फिक्स. ओव्हरटाइम बंद, कारण 'सुपरवायझरला ओव्हरटाइम नसतो'. आणि ड्यूटी? सकाळी शटर उघडण्याआधी हजर, रात्री रोकड जुळल्याशिवाय सुटका नाही. रोजचे अकरा तास धरले तर महिन्याचे २८६. भागाकार करा: तासाला ६८ रुपये. बॅज नव्हता तेव्हा ७५ होते.

आता कुणी म्हणेल, दिवाळी काय रोज असते? बरोबर आहे. पितृपक्षात दुकान ओस असतं, तेव्हा ओव्हरटाइम कुठला? त्या महिन्यात जुन्या पदावर १५,६०० वरच भागवावं लागायचं. म्हणून मी उलटा हिशोब केला. तिने रोज किती तास काम केलं तर जुना पगार अधिक ओव्हरटाइम आणि नवा फिक्स पगार सारखे होतील? उत्तर आलं, नऊ तास. रोज नऊ तासांत घरी जाता आलं तर बढती फायद्याची. त्यापुढचा प्रत्येक तास ती दुकानाला फुकट देतेय.

आणि नेमकी याच नऊ तासांवर आपल्याकडे मध्यंतरी केवढी चर्चा झाली! सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने-आस्थापना कायद्यातल्या बदलांना मंजुरी दिली. २० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी दिवसाचे नऊ तास दहावर, तीन महिन्यांतला ओव्हरटाइम १२५ तासांवरून १४४ वर. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा मात्र तीच. टीव्हीवर भांडणं झाली, मीम्स फिरले. पण ज्या मंडळींचा दिवस आधीच अकरा तासांचा आहे, त्यांचं नाव या चर्चेत फारसं आलं नाही. येणार तरी कसं? आपला २०१७ चा हा कायदा गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षी स्वरूपाच्या पदावरच्या माणसाला लागूच होत नाही. नऊ काय नि दहा काय, सुपरवायझर कुंपणाबाहेर.

मात्र याच कलमात एक अट आहे, ती वाचून मी खुर्चीत सरळ बसले. अशा पदांवरच्या लोकांची यादी आस्थापनेने आपल्या वेबसाइटवर लावायची, वेबसाइट नसेल तर दुकानात दर्शनी भागात लावायची आणि तिची प्रत सरकारच्या सुविधाकाराकडे पाठवायची. थोडक्यात, 'आजपासून तू सुपरवायझर' एवढं तोंडी सांगून काम भागत नाही. मैत्रिणीला विचारलं, तुमच्याकडे लागलीय का अशी यादी? ती म्हणाली, "दर्शनी भागात साबणाची ऑफर लागलीय."

दुसरा प्रश्न असा की, सुपरवायझर म्हणायचं कुणाला? तिचा दिवस ऐका. दूध-पावाची गाडी उतरवून घेणे, एक्स्पायरी तपासणे, कुणी आलं नसेल तर बिलिंगला बसणे, एक ते सात तारखेच्या महिन्याच्या किराण्याच्या गर्दीत तेलाचे डबे स्वतः उचलून रॅकवर लावणे, रात्री झाडून घेणाऱ्या मुलासोबत ट्रॉल्या गोळा करणे. देखरेख म्हणजे काय, तर चार जणांची हजेरी मांडणे. रजा मंजूर करायची तर वर विचारावं लागतं. नवा माणूस घेणं, काढणं तर लांबच.

न्यायालयं अशा वेळी बॅज बघत नाहीत, काम बघतात. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे कॅरोना कंपनीच्या (बुटांची हो, विषाणू फार नंतर आला!) चंदीगडच्या दुकानाच्या प्रमुखाचं प्रकरण आलं होतं. न्यायालयाने सांगितलं, पदाचं नाव काय आहे याला फार महत्त्व नाही, मुख्य काम कसलं आहे ते बघायचं. गंमत म्हणजे हा निकष लावल्यावर तो माणूस हरला. दुकानाचा कारभार खरोखरच त्याच्या हाती होता, म्हणून तो 'कामगार' ठरला नाही. तेव्हा हा निकष दोन्हीकडून कापतो.

नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार देखरेखीचं काम करणाऱ्याचं वेतन महिना १८,००० च्या वर असेल, तर तो कामगारांत मोजला जात नाही. जुन्या कायद्यात ही रेघ १०,००० वर होती. माझ्या मैत्रिणीचे १९,५०० या रेघेच्या जरासेच वर वाटतात. पण थांबा, इथे वेतन म्हणजे सगळा पगार नव्हे. घरभाड्यासारखे काही भत्ते त्यात धरत नाहीत. म्हणून स्लिपवर मूळ पगार किती आणि भत्ते किती, हे बघणं गरजेचं आहे. आपण सगळे थेट शेवटची ओळ बघतो, मीही बघते.

अशा रेघेजवळ काय घडतं, ते अमेरिकेत स्पष्ट दिसलंय. तिथे दुकानातले बहुतेक जण तासावर काम करतात आणि आठवड्याला ४० तासांपुढे दीडपट दर मिळतो. मॅनेजर करून फिक्स पगारावर आणलं की तो हक्क जाऊ शकतो, फक्त पगार आठवड्याला किमान ६८४ डॉलर हवा आणि मुख्य काम व्यवस्थापनाचं हवं. ही रेघ १,१२८ डॉलरवर न्यायचं सरकारने ठरवलं होतं, पण नोव्हेंबर २०२४ मध्ये टेक्सासच्या संघीय न्यायालयाने तो नियमच रद्द केला. ६० तास राबणाऱ्याला ६८४ म्हणजे तासाला साडेअकरा डॉलरही पडत नाहीत. २०२३ च्या एका अभ्यासात संशोधकांना आढळलं की, या रेघेच्या किंचित वरच्या पगारांवर मॅनेजर म्हणवल्या जाणाऱ्या पदांचं पीक येतं. त्यात 'कार्पेट शॅम्पू मॅनेजर'ही होता! 'फॅमिली डॉलर' या स्वस्त दुकानांच्या साखळीला तर १,४२४ स्टोअर मॅनेजरांनी कोर्टात खेचलं. त्यांचा बहुतेक वेळ माल लावण्यात, गल्ल्यावर आणि झाडलोटीत जातो, हे सिद्ध झालं आणि २००८ मध्ये अपील कोर्टाने साडेतीन कोटींहून अधिक डॉलरचा निकाल कायम ठेवला. कॅलिफोर्नियाने तर सरळ नियम केलाय: निम्म्याहून जास्त वेळ खरं व्यवस्थापनाचं काम करत असाल, तरच ओव्हरटाइम थांबवता येतो. घड्याळ लावून मोजता येईल असा हा नियम मला सगळ्यात पटला.

मग आपणही तासावरच जायचं का? मला नाही वाटत. तासावरच्या माणसाचं गिऱ्हाइक कमी झालं की शिफ्ट कापली जाते, आणि घरभाडं काही तासांवर ठरत नाही. बँकेत कर्ज मागायला गेलात तर फिक्स पगाराची स्लिप कामाला येते. माझ्या मैत्रिणीच्या आईला तर ओव्हरटाइमपेक्षा 'सुपरवायझर' हा शब्द जास्त आवडलाय, शेजारी सांगता येतो. भांडण महिन्याच्या पगाराशी नाहीच. पगार ठरलेला आणि तास मात्र मोकाट, भांडण त्याच्याशी आहे.

म्हणून असं लेटर हातात आलं तर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: तास किती, साप्ताहिक सुट्टीला बोलावलं तर बदली सुट्टी की पैसे, आणि अधिकार कोणते. अधिकाराच्या रकान्यात काहीच लिहिता येत नसेल, तर पद कसलं आहे ते तुम्हालाही कळेल.

मैत्रिणीने मागितलं. मॅनेजर म्हणाले, "आता तू सुपरवायझर आहेस, तास कसले मोजतेस?" लेखी काही आलेलं नाही. नोकरी सोडणं तिला परवडणारं नाही, आणि हे काम तिला आवडतंही. तिने एवढंच सुरू केलंय: घरच्या कालनिर्णयवर रोजची यायची-जायची वेळ पेनाने लिहायची. जानेवारीचं पान तिने मला दाखवलं. रात्री आठच्या आत निघाल्याची एकच नोंद आहे. त्या दिवशी बिलिंगचा सर्व्हर बंद पडला होता.