हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

कांद्याची निर्यात सप्टेंबर २०१९ मध्ये बंद झाली, सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा झाली. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने निर्यातीवर शेकडा ४० जकात बसविली, ऑक्टोबरात टनास किमान ८०० डॉलरांचा दर बांधला, आणि डिसेंबरात निर्यातच बंद केली. ही बंदी मे २०२४ मध्ये उठली. जकात मात्र १ एप्रिल २०२५ रोजी रद्द झाली. जकात गेली, मग आता वाद कशाचा, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, जो उपाय इतक्या वेळां योजिला गेला, तो पुढच्या महागाईंत पुन्हा योजिला जाणार नाही अशी हमी कोणी दिलेली नाही.

सरकारपक्षाचे म्हणणे आम्ही हलके लेखीत नाही. शहरांतील मजुराच्या घरी भाकरीबरोबर कांदाच असतो, आणि तो महागला म्हणजे त्याची झळ त्याच घरास प्रथम लागते. परंतु ह्या स्वस्ताईचा खर्च कोण सोसतो? निर्यात थांबली की बाहेर जाणारा माल देशांतच तुंबतो, लासलगावच्या लिलावांत भाव कोसळतो, आणि ती तूट शेतकरी भरून देतो. सरकारच्या खजिन्यांतून एक पैही जात नाही. शिवाय ही स्वस्ताई मजुराच्या चुलीपर्यंतच थांबत नाही. बंगलेवाल्यासही ती तितकीच मिळते. कायद्याच्या अधिकाराशिवाय कर बसवू नये, असे संविधानाचे २६५ वे कलम सांगते. निर्यातबंदी हा कायद्याच्या भाषेत कर नव्हे, हे आम्ही जाणतो. पण ज्याचा खिसा रिकामा झाला त्यास ह्या भेदाचे काय समाधान? कर असता तर त्यावर लोकसभेत चर्चा तरी झाली असती. येथे एका अधिसूचनेने काम भागते.

याहून मोठी हानि पुढेच आहे. भाव हा शेतकऱ्यास बाजाराने धाडलेला निरोप होय. रब्बी कांद्याची लावणी डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास होते. किती लावावा हे तो त्या वेळचा भाव पाहून ठरवितो. २०२३ साली नेमका त्याच वेळी हा निरोप अडविला गेला. उन्हाळ्यांत काढलेला हाच कांदा चाळींत भरून पावसाळाभर देशास पुरवावयाचा असतो. साठवणींत कांदा सडला वा वजनास घटला, तर नुकसान शेतकऱ्याचे; आणि भाव चढला तर बंदी! अशा सौद्यांत चाळ बांधण्यास कोण पैसा घालील? साठवण कमी झाली की पुढची टंचाई ठेवलेलीच. म्हणजे जो उपाय महागाई हटविण्यासाठी, तोच पुढच्या महागाईचे बी पेरतो.

तर मग मजुरास वाऱ्यावर सोडावे काय? मुळीच नाही. २०२३ साली सरकारने राखीव साठ्याचे उद्दिष्ट ३ लाख टनांवरून ५ लाख टनांवर नेले होते. हाच मार्ग सरळ आहे. सुगींत खुल्या बाजारभावाने खरेदी करावी, टंचाईंत गरीब वस्त्यांतून स्वस्त दराने विकावे, आणि येणारी तूट अंदाजपत्रकांत उघड मांडावी. निर्यातीचे नियम लावणीपूर्वी जाहीर करून हंगाम संपेतो ते बदलू नयेत. गरिबास साहाय्य करणे हे राष्ट्राचे कर्तव्य आहे. म्हणूनच त्याचा भार सर्व राष्ट्राने उचलला पाहिजे, एकट्या कांदा पिकविणाऱ्याने नव्हे.